कुर्ली, कालवं आणि ताटातला हलणारा मासा

योकोहामाच्या त्या हॉटेलात ताट समोर आलं तेव्हा त्यातला मासा जिवंत होता. निदान मला तरी तसंच वाटलं. अंगाचे पातळ काप करून ते त्याच्याच काट्यावर पुन्हा नीट रचून ठेवलेले, शेजारी किसलेल्या पांढऱ्या मुळ्याचा ढीग, आणि डोकं-शेपूट जसंच्या तसं. कल्ला उघडत होता, मिटत होता. मध्येच शेपूट फटकन हललं. टेबलावरच्या सगळ्यांनी कौतुकाने 'ओऽऽ' केलं आणि चॉपस्टिक्स उचलल्या.

ही २०२३ मधली गोष्ट. ऑनसाईट होतो, प्रोजेक्टचं गो-लाइव्ह कधी नव्हे ते विनाविघ्न पार पडलं होतं, आणि क्लायंटकडचे एक पन्नाशी उलटलेले मॅनेजर आम्हाला जेवायला घेऊन गेले होते. ही डिश त्यांनी खास माझ्यासाठी मागवलेली, कारण मी त्यांना आधीच मोठ्या तोऱ्यात सांगून ठेवलं होतं की आम्ही कोकणातले, राजापूरचे, मासे म्हणजे आमचा जीव की प्राण. आता ते सगळे माझ्याकडे बघत होते. आणि मासाही.

मी काय केलं? मी म्हणालो, "सॉरी, आज माझा धार्मिक उपास आहे."

दहाच मिनिटांपूर्वी मी तळलेलं चिकन हाणताना सगळ्यांनी पाहिलं होतं. पण जपानी माणूस असं काही तोंडावर बोलून दाखवत नाही. उलट त्या मॅनेजरसाहेबांनी खुर्चीतून उठून, वाकून माझी माफी मागितली. आधी विचारायला हवं होतं म्हणाले. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

रूमवर आल्यावर मात्र शरमेची जागा रागाने घेतली. घरच्या ग्रुपवर फोटो टाकला आणि खाली लिहिलं, 'जिवंत मासा खातात, जंगली लोक आहेत.' धडाधड उत्तरं आली, 'शी', 'ई', 'बाप रे'. फक्त राजापूरच्या आत्येने एकच प्रश्न विचारला, "मीठमसाला कायच नाय?"

तेव्हा हसलो होतो. पण या प्रश्नाने पुढे माझा बराच वेळ खाल्ला.

त्याच वर्षी डिसेंबरात लाँग वीकएंड गाठून राजापूरला गेलो. पुण्याहून निघून मलकापूर, मग अणुस्कुरा घाट उतरून ओणी. (हा घाट ज्यांनी पाहिला नसेल त्यांनी जरूर बघा, फक्त गाडीचे ब्रेक आधी तपासून घ्या :-) ) मी येणार म्हणून आत्येने सकाळीच बाजारातून आठ कुर्ल्या आणून ठेवल्या होत्या. मुंबईत ज्याला चिंबोरी म्हणतात तीच ही, खाडीतली, चिखलातली, हिरवट काळी. डेंगे सुतळीने करकचून बांधलेले. बादलीत खडखडाट चालला होता.

आत्ये विळीवर बसली, एक कुर्ली उचलली, मागून घट्ट पकडली, आणि एकेक करून पाय तोडायला लागली. कट्, कट्. मग डेंगे. मग पाठीचं कवच उपटून काढलं. लहान पाय एका बाजूला टाकले, ते कुटून, गाळून रश्शात घालायचे. हे सगळं मी लहानपणापासून शेकडो वेळा बघितलं आहे. तोडलेल्या डेंग्याला बोट लावून तो मिटतो का बघणं हा तर आमचा सुट्टीतला खेळ होता! पण त्या दिवशी मी पहिल्यांदा कुर्लीच्या डोळ्यांकडे बघितलं. दांड्यांवरचे ते दोन काळे मणी. सगळे पाय गेल्यावरही ते हलत होते.

मला योकोहामाचा मासा आठवला.

आत्येला म्हटलं, "अगं, जिवंत आहे ती अजून."

"मग? मेलेली कुर्ली घरात आणायची नाय. पोटाला बाधता."

थोडा वेळ थांबून, माझ्याकडे न बघता ती म्हणाली, "मी तोंडाकडे बघतच नाय त्यांच्या."

हे वाक्य ऐकल्यावर जेवण गेलं नाही असं लिहिलं असतं तर छान वाटलं असतं. पण खरं सांगायचं तर तीन कुर्ल्या खाल्ल्या. रस्सा नेहमीसारखाच, म्हणजे अप्रतिम झाला होता. फक्त रात्री झोप लागेना, तेव्हा मोबाईलवर वाचत बसलो आणि मग पुढचे काही महिने वाचतच राहिलो.

आत्येचं म्हणणं शास्त्राला धरूनच आहे. खेकडा मेला की त्याच्या पचनग्रंथीतली विकरं त्याचंच मांस आतून विरघळवायला लागतात, आणि आपल्या हवेत जंतू तर टपलेलेच असतात. म्हणून जगभर खेकडा जिवंत विकतात. पाय आधी तोडण्यालाही कारण आहे. खेकड्याला स्वतःचे पाय सांध्यातून टाकून देता येतात, जीव वाचवण्याची ती त्याची युक्ती. जिवंत खेकडा उकळत्या पाण्यात टाकला तर तो पाय टाकतो आणि आतला रस पाण्यात जातो. म्हणजे आपल्या बायकांची पद्धत पिढ्यान्पिढ्यांच्या अनुभवातून आलेली आहे. त्यात फक्त एक गोष्ट धरलेली नाही. खेकड्याला आपल्यासारखा डोक्यात एकच मेंदू नसतो. मज्जातंतूंच्या दोन मोठ्या गाठी असतात, एक डोळ्यांच्या मागे आणि दुसरी पोटाखालच्या त्या त्रिकोणी झाकणाच्या वर. पाय आणि डेंगे तोडून या दोन्हींना काहीच होत नाही. तो मरत नाही.

मग मला योकोहामात नक्की कशाचा त्रास झाला? मी स्वतःला सांगत होतो की मासा जिवंत होता म्हणून. पण आत्येने अचूक नस पकडली होती. त्रास झाला तो मासा कच्चा होता म्हणून. किळस आली होती आणि मी तिला दयेचे कपडे घातले होते.

ही कच्च्याची किळस आली कुठून, ते बघायला जरा राजापूरच्याच इतिहासात जाऊ.

राजापूर म्हटलं की बाकीच्यांना गंगा आठवते, किंवा पावसाळ्यात टीव्हीवर दिसणारा जवाहर चौक, पाण्यात बुडालेला. गाव अर्जुना आणि कोदवली या दोन नद्यांच्या संगमावर, समुद्रापासून बरंच आत. आज खाडी गाळाने भरली आहे, पण सतराव्या शतकात गलबतं आत गावापर्यंत येत आणि घाटमाथ्यावरून मिरी, वेलदोडे उतरत. त्यासाठीच इंग्रजांनी १६४९ मध्ये इथे वखार घातली. पुढची गोष्ट शाळेच्या पुस्तकात आहेच. १६६० मध्ये सिद्दी जौहरने पन्हाळ्याला वेढा घातला, तेव्हा राजापूरच्या इंग्रजांनी त्याला तोफा आणि दारूगोळा पुरवला. मार्च १६६१ मध्ये महाराजांनी राजापूरवर येऊन वखार खणून काढली आणि वखारीचा प्रमुख हेन्री रेव्हिंग्टन आणि त्याच्या साथीदारांना कैद केलं. १६६३ पर्यंत ते सुटले नाहीत.

आता गंमत बघा. नेमक्या याच वर्षांत लंडनमध्ये सॅम्युअल पेपिस नावाचा आरमार खात्यातला एक कारकून रोजनिशी लिहीत होता. १६६० ते १६६९. ती आज जगप्रसिद्ध आहे. त्या रोजनिशीत कालवांचे उल्लेख सारखे येतात. सकाळी कालवं, मित्र आले की कालवं, कोणीतरी भेट म्हणून पिंपभर पाठवलेली कालवं. इंग्लंडमध्ये कालव जिवंत फोडायचं आणि तसंच गिळायचं, ही तेव्हाची रोजची गोष्ट होती, गरिबाचीही आणि श्रीमंताचीही. म्हणजे राजापूरच्या वखारीत जी माणसं येऊन राहिली ती कच्ची कालवं खाणाऱ्या देशातली, आणि ती राहत होती अशा खाडीच्या काठी जिथे ओहोटीला बायका खडकावरून तेच कालव टोचून काढतात, पण घरी नेऊन कांदा-खोबऱ्याच्या वाटणात शिजवल्याशिवाय तोंडात घालत नाहीत. सांगायचा मुद्दा हा, की प्राणी तोच, जिवंत फोडणंही तेच. फरक फक्त चुलीचा.

आपण शिजवतो यामागे मला तरी हवा आणि पाणी ही कारणं सगळ्यात मोठी वाटतात. कालव म्हणजे खाडीची गाळणी. पाणी आत घेतं, त्यातलं अन्न ठेवतं, पाणी सोडतं. पाण्यात जे असेल ते त्याच्या पोटात. वर आपली हवा अशी, की मासळी उतरवल्यापासून बाजारात पोहोचेपर्यंत घड्याळाशी शर्यत. त्यामुळे कोकणाने दोनच रस्ते धरले. लगेच शिजवा, नाहीतर मीठ लावून उन्हात घाला. सुकट, सोडे, सुका बांगडा हे सगळं त्या दुसऱ्या रस्त्यावरचं.

आणि थंड देशातल्या लोकांनी कच्चं खाण्याची किंमत मोजलेली आहे. नोव्हेंबर १९०२ मध्ये इंग्लंडात विंचेस्टर आणि साउदॅम्प्टन या दोन शहरांच्या महापौरांनी मेजवान्या दिल्या. कालवं आली होती एम्सवर्थ नावाच्या किनारी गावातून, आणि त्या गावाने आपली नवी गटारं थेट कालवांच्या वाफ्यांवर सोडली होती. पाहुण्यांना टायफॉइड झाला. विंचेस्टरच्या कॅथिड्रलचे डीन त्यात वारले. एम्सवर्थच्या कालवांचा धंदा बसला. आत्येला ही गोष्ट सांगितली तर तिने मान डोलावली, म्हणजे त्यात नवीन काय असा अर्थ.

जपानची गोष्ट याहून गुंतागुंतीची आहे, आणि माझ्या 'जंगली' या शब्दाचा तिथे पार फज्जा उडतो. इ. स. ६७५ मध्ये सम्राट तेन्मूने बौद्ध धर्माच्या प्रभावाखाली फर्मान काढलं, की वर्षातले ठरावीक महिने गाय-बैल, घोडा, कुत्रा, माकड आणि कोंबडी यांचं मांस खायचं नाही. पुढे अशी फर्मानं वेळोवेळी निघत राहिली. मासे खायला मात्र मोकळीक होती. म्हणजे जपानी माणूस माशांवर इतका जीव टाकतो यामागे अहिंसेचाही हात आहे! दुसरं, सुशी ही मुळात कच्च्या माशाची डिशच नव्हती. मीठ लावलेला मासा शिजवलेल्या भातात दाबून महिनोन्महिने आंबवायचा, ही ती जुनी पद्धत. आपल्या सुक्या बांगड्याची लांबची बहीण म्हणा. हाताने वळलेली, लगेच खायची सुशी एकोणिसाव्या शतकात एडोमध्ये, म्हणजे आजच्या टोकियोत आली. तेव्हाही मासा सोया सॉसमध्ये मुरवलेला किंवा व्हिनेगर लावलेला असायचा, कोळंबी उकडलेली. घरोघरी, गल्लोगल्ली ताजा कच्चा मासा ही बर्फ आणि रेफ्रिजरेशन आल्यानंतरची चैन. कच्चं खाणं म्हणजे आदिमानवाचं खाणं, हा आपला समज साफ उलटा आहे. कच्चं खायला सगळ्यात जास्त तंत्र लागतं. पकडल्याबरोबर माशाच्या मेंदूत टोच्या घुसवून त्याला क्षणात मारणं, रक्त काढणं, मग थंड ठेवणं, ही त्यांची एक पद्धत. आपल्या होडीत मासा गुदमरून मरतो. कुठलं जंगली?

माझ्या ताटात आला होता तो मात्र वेगळा प्रकार, त्याला 'इकेझुकुरी' म्हणतात. जिवंत मासा ग्राहकासमोर मोजक्या चिरांत कापून वाढायचा. मासा मेल्यावरही कल्ले आणि स्नायू काही वेळ हलत राहू शकतात. हाकोदातेला एक भातावरचा माकूल मिळतो, त्याच्यावर सोया सॉस ओतला की तो नाचतो. तो मेलेला असतो, मेंदू काढलेला असतो. सॉसमधल्या मिठाने पायातले मज्जातंतू पेटतात, इतकंच. म्हणजे हलणं म्हणजे दुखणं नव्हे. पण न हलणं म्हणजे न दुखणं असंही नाही. माझ्या ताटातल्या माशाचं काय होतं? आधी मेंदूत टोच्या गेला असेल तर काही नाही. नसेल तर ती क्रूरताच, मग ती कितीही कलात्मक असो. जपानमधेही सगळ्यांना ती आवडते असं नाही. आमच्या टीममधल्या एका जपानी मुलीने त्या ताटाला हात लावला नव्हता, हे मला खूप नंतर लक्षात आलं. तिने उपासाची थाप मारली नव्हती.

बरं, 'आपल्याकडे जिवंत मासा कोणी गिळत नाही' असं मी एका मित्राला ठासून सांगत होतो. तो मूळचा नांदेडचा. तो म्हणाला, मी गिळलाय. लहानपणी दमा होता म्हणून. हैदराबादला बथिनी गौड कुटुंब दरवर्षी जूनमध्ये मृग लागताना दम्याच्या रोग्यांना जिवंत मरळीचं बोटभर पिल्लू देतं, तोंडात औषधाची पिवळी गोळी भरून. ते तसंच गिळायचं. १८४५ पासून ही परंपरा आहे असं ते कुटुंब सांगतं. नामपल्लीच्या प्रदर्शन मैदानावर हजारोंची रांग लागते, आपल्याकडूनही लोक जातात. त्याने दमा बरा होतो याला वैद्यकीय आधार नाही. शाकाहारी लोकांना मासा नको असेल तर गुळातून औषध देतात. मासा घशाखाली जाताना वळवळतो, असं मित्र म्हणाला. त्याच्या आजीने पाठीवर हात फिरवला होता एवढंच त्याला चांगलं आठवतं. अख्ख्या घराला त्यात कोणाला क्रूरता दिसली नाही. दिसली असती तरी दमेकरी पोराच्या आईला ते सांगणार कोण?

या सगळ्यात मला जे खरोखर चकित करून गेलं ते वेगळंच आहे. 'खायचं की नाही' या प्रश्नावर आपल्या देशाएवढा बारीक विचार दुसऱ्या कोणी केला असेल असं मला वाटत नाही. अशोकाच्या पाचव्या स्तंभलेखात न मारायच्या प्राण्यांची यादीच आहे, त्यात काही मासे आणि कासवंही आहेत. ठरावीक तिथींना मासे मारू नयेत, विकू नयेत असं आहे. जिवंत प्राण्याला दुसरा जिवंत प्राणी खाऊ घालू नये असंही आहे, बावीसशे वर्षांपूर्वी! जैनांनी तर जीवांची इंद्रियांवरून वर्गवारी केली. शंख-शिंपला दोन इंद्रियांचा, मुंगी तीन, भुंगा चार, मासा पाच. प्राण्याला काय जाणवतं यावरून हिंसेचं वजन ठरवायचं ही कल्पना आज पाश्चात्त्य तत्त्वज्ञ मांडतात. पीटर सिंगर यांनी १९७५ मध्ये 'अ‍ॅनिमल लिबरेशन' लिहिलं तेव्हा रेघ कोळंबी आणि कालव यांच्या मध्ये कुठेतरी मारली होती, आणि पुढच्या आवृत्तीत कालवाबद्दल त्यांनाच शंका आली. आपल्याकडे ही चर्चा केव्हाच होऊन गेली होती.

पण एकदा 'मी खाणार' असं ठरवलं, की मग 'कसं मारायचं' यावर आपल्याकडे भयाण शांतता. न खाणारे आमच्या स्वयंपाकघरात डोकावले नाहीत, त्यांच्या दृष्टीने सगळंच पाप. आणि खाणाऱ्यांना कोणी विचारलं नाही. झटका की हलाल यावर माणसं भांडतात, पण ते बकऱ्याबद्दल. समुद्राच्या काठावर हे भांडण संपतं. इस्लाममध्ये माशाला जबह लागत नाही. राजापूर तालुक्यात नाटे, साखरीनाटे इकडचे बरेच मच्छीमार मुसलमान आहेत. कोकणी मुसलमान शाफई पंथाचे, अरब व्यापाराच्या जुन्या संबंधांमुळे. उत्तरेकडच्या हनफी पंथात पाण्यातला फक्त मासा चालतो, शाफईंमध्ये कोळंबी-शिंपल्यांनाही वाट मोकळी. तेही नियम आहेत ते काय खावं याचे. आमच्या घरात सोमवार, गुरुवार, चतुर्थी, श्रावण, सगळं कडक पाळतात. श्रावणात कुर्लीला अभय. श्रावण संपला की कट्, कट्.

आता कायदा. प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणारा आपला कायदा १९६० चा. रुक्मिणीदेवी अरुंडेल, त्याच भरतनाट्यमवाल्या, यांनी राज्यसभेत मांडलेल्या खासगी विधेयकातून त्याची सुरुवात झाली. त्यात 'प्राणी' या शब्दाची व्याख्या काय आहे माहितीये? माणूस सोडून कोणताही सजीव प्राणी. कोणताही! म्हणजे त्यात कुर्ली आली, कालव आलं. ब्रिटिशांनी १८९० मध्ये इथे केलेल्या कायद्यात फक्त पाळीव किंवा पकडून ठेवलेले प्राणी होते. आणि खुद्द ब्रिटनमध्ये खेकडा, कोळंबी, माकूल, ऑक्टोपस यांना संवेदना असते हे कायद्यात यायला २०२२ साल उजाडलं. त्याआधी २०२१ मध्ये लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्सच्या गटाने तीनशेहून जास्त शोधनिबंध तपासून अहवाल दिला होता. जिवंत उकडणं आणि जिवंतपणी तुकडे करणं टाळा, असं त्यात स्पष्ट म्हटलंय. स्वित्झर्लंडने १ मार्च २०१८ पासून जिवंत लॉबस्टर उकळत्या पाण्यात टाकायला बंदी घातली. कागदावर आपण या सगळ्यांच्या कितीतरी पुढे.

कागदावर. कारण आपल्याच कायद्याच्या कलम ११ मध्ये अन्नासाठी मारण्याला सूट आहे, फक्त मारताना 'अनावश्यक' वेदना देऊ नयेत अशी अट आहे. सगळा खेळ त्या एका शब्दाचा. आत्येने पाय तोडले ते आवश्यक की अनावश्यक? दुसरी पद्धत माहीतच नसेल तर आवश्यक. माहीत झाली की?

आणि खेकड्याला दुखतं का, याचं उत्तर आता बऱ्यापैकी 'हो'कडे झुकलंय. बेलफास्टच्या क्वीन्स विद्यापीठातले रॉबर्ट एल्वुड यांनी साधे प्रयोग केले. खेकड्याला अंधार आवडतो. त्याला टाकीत लपायला दोन अंधाऱ्या जागा दिल्या. एका जागी गेला की विजेचा हलका झटका. दोन-तीन वेळा झटका बसल्यावर बरेच खेकडे ती जागा सोडून दुसरीकडे जायला लागले. नुसती प्रतिक्षिप्त क्रिया असती तर झटका बसला की पळाला आणि विसरला, एवढंच झालं असतं. हा निबंध २०१३ मध्ये आला. आम्ही पोरं तोडलेल्या डेंग्याला बोट लावत होतो तेव्हा हे सगळं चाललेलं होतं.

कालवाचं तसं नाही. त्याला मेंदू म्हणावा असं काही नाही, चार-दोन गाठी आहेत. तिसऱ्या आणि कालवं यांच्याबाबत माझं मन शांत आहे. असो.

पुढच्या फेरीला मी तयारीनिशी गेलो. वाचून ठेवलं होतं की खेकडा बर्फाच्या पाण्यात बराच वेळ ठेवला की सुस्त होतो, मग टोच्याने त्या दोन गाठी पटकन फोडायच्या. पाच-दहा सेकंदांचं काम. विजेचा झटका देऊन बेशुद्ध करणारी यंत्रं त्याहून चांगली, पण ती राजापुरात कोण आणणार. आणि बर्फालाही आक्षेप आहेतच. इटलीच्या सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये एका हॉटेलवाल्याचा दंड कायम केला तो लॉबस्टर जिवंत बर्फावर ठेवले म्हणूनच. म्हणजे माझी दया तिकडे गुन्हा ठरायची.

आत्येसमोर हा विषय काढताना मला प्रोजेक्ट डेमोपेक्षा जास्त घाम फुटला. पुण्यात राहून, एसीत बसून, तिने चाळीस वर्षं केलेल्या कामाला चूक म्हणायचं. तेही तिच्याच हातचं खाऊन मोठं झाल्यावर. ती रागावली नाही. म्हणाली, "कर तू."

मी केलं. कुर्ल्या बर्फात घातल्या. वीस मिनिटांत लाईट गेली, पण बर्फ पुरला. सुतळी न सोडता एकेक उलटी केली. पहिल्या कुर्लीची गाठ सापडायला मला तीन प्रयत्न लागले, म्हणजे तिचे हाल आत्येच्या पद्धतीपेक्षा जास्तच झाले असतील. माझे हात थरथरत होते. दुसरी दोन प्रयत्नांत. तिसरीला आत्ये उठून आली, माझ्या हातातून टोच्या घेतला, "खय म्हणालास?" विचारलं, मी बोट दाखवलं, आणि तिने एका फटक्यात काम केलं. पाय एकदम ढिले पडले. तिने कुर्ली उलटसुलट करून पाहिली. मग उरलेल्या पाचही तशाच केल्या. बोलली काहीच नाही. पाय कुटताना फक्त म्हणाली, "तोडायला सोपा जाता." चव तीच होती, हे मुद्दाम नोंदवतो.

आता खरी अडचण. ते योकोहामाचे मॅनेजर कामासाठी पुण्याला येणार आहेत. मेलमध्ये लिहिलंय की तुमचं ते मासेवालं गाव बघायची फार इच्छा आहे. आणि खाली अगदी नम्रपणे, 'तुमच्या धार्मिक उपासाचे दिवस कोणते ते कृपया कळवा, म्हणजे ते टाळून तारीख ठरवतो.'

उत्तराचा ड्राफ्ट चार वेळा लिहून खोडलाय. आत्येला फोन करून पाहुण्याचं सांगितलं. ती म्हणाली, "येऊदेत की. कच्चा मात्र काय मिळायचा नाय, आदीच सांग त्याना."